कुठल्या दोराला?

मार्स्टलच्या धक्क्यामागे, जिथे नोव्हेंबरात होड्या
टेकूंवर उभ्या असतात, पाण्याला पारख्या,
तिथे राग्नहिल्ड क्रोमानचं दुकान.
मी म्हटलं, दोरा द्या, टोकं बांधायला.
ती म्हणाली, कुठल्या दोराला?
दोराला, मी म्हटलं.
तिने चष्मा कपाळावर सारला.
"डॉक्टरकडे जाऊन सांगता का,
औषध द्या, माणसाला?"

दुसऱ्या दिवशी टोक खिशात घालून गेलो, वीतभर कापून.
पेड सुटून त्याची झाली होती
म्हाताऱ्या घोड्याची शेपटी.
तिने ते आधी हुंगलं.
मग तीन तंतू ओढून काडी लावली.
वितळले नाहीत, मणी झाला नाही,
जळक्या कागदाचा वास, बोटांवर राख.
"भांगेचा. जुना, पण खानदानी.
ह्याला नायलॉन बांधाल
तर हा भिजून फुगेल, वाळून आटेल,
आणि तो आपला कोरडा पाहुणा,
जून उजाडायच्या आत टोपी उडेल."

फळीवर रिळं होती.
पांढरं पॉलिएस्टर, मेण पाजलेलं, देखणं:
"हे शर्यतवाल्यांना. मरत नाही लवकर.
तुमच्या दोरावर म्हाताऱ्याच्या तोंडातली
नवी कवळी दिसेल."
कापसाचं तिने खाली उतरवलंच नाही,
ते मांसाच्या वळकट्या बांधायला.
जवसाचं करडं, बोटाला मऊ,
त्यावर तिचा हात जरा रेंगाळला.
आणि सगळ्यात मागे
पाइनचं डांबर प्यालेली भांगेची सुतळी,
रीळ काढताच मांजर शिंकलं.

"एक पेड चिमटीत धरा. त्यात रुतता कामा नये,
त्यावरून घसरताही कामा नये, एवढी जाडी.
वेढे दोराच्या पिळाच्या उलट.
दोर उलगडू पाहील तेव्हा हाच आवळेल.
लांबी दोराच्या जाडीपेक्षा थोडी जास्त.
त्याहून लांब बांधतात ते फोटोसाठी."

तेव्हा मी दुसरं टोक काढलं,
कोटाच्या आतल्या खिशातून.
लिलावात होडी घेतली तेव्हापासून तसंच बांधलेलं,
काळं, चकाकतं.
"असं हवंय मला."
तिने ते खिडकीशी नेलं. नखाने वेढे मोजले.
चौदा. पुन्हा मोजले.
"पिळाच्या बाजूने घातलेत," ती म्हणाली, "चूक."
मग बराच वेळ काहीच नाही.
बाहेर कुणाच्या तरी डोलकाठीवर
तार टकटकत होती.

"होल्गर. डावखुरा.
ह्या स्टुलावर बसून शिकला. हजारदा सांगितलं,
उलट घाल, उलट.
म्हणायचा, माझं सुलट हेच आहे."
तिने अंगठ्याने ते ढकलून पाहिलं,
मग आणखी एकदा, गरजेपेक्षा जोरात.
हललं नाही.
सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात;
इथे पीळच चुकला होता
आणि एकतीस वर्षं राहिला होता.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.
"हे तुम्ही कापून आणलंत?
न सुटलेलं टोक?
दाखवायला?"

मांजरसुद्धा माझ्याकडे बघत होतं.

तिने डांबराच्या सुतळीचे सहा हात मोजले,
तीनच पुरले असते.
"आता दोन्ही टोकं तुमचीच," म्हणाली,
आणि बावीस क्रोनर घेतले. एकही सोडला नाही.

रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर
पहिलं बांधलं, ते अंगठीसारखं निघून आलं.
दुसरं तिरकं बसलं, पण बसलं.
उरलेल्या टोकाला वेढे घालताना
हात मध्येच थांबला,
उलट की सुलट,
क्षणभर खरंच कळेना.
मग तिने सांगितलं तसंच घातलं.
मी काही होल्गर नाही.

पावाला डांबराचा वास लागला, तसाच खाल्ला.
बाकीचं जूनमध्ये कळेल.