पाचशेवी

धुळ्याच्या चांदमारीमागे, पत्र्याच्या शेडीत
तुकडूनाना पुंगळ्या मोजतो.
गेल्या पाचशे, आल्या चारशे नव्व्याण्णव.
पुन्हा मोजतो.

चिंचेच्या पाण्यात काळं सुटतं,
पितळेचा वास मात्र बोटांना धरून बसतो,
दुपारी कळण्याच्या भाकरीलाही लागतो.
एकेकीच्या गळ्यावरून नख फिरवायचं:
तडा नखाला कळतो, चष्म्याला नाही.
तडकलेल्या डालड्याच्या डब्यात.
पुन्हा भरण्याजोग्या गोणपाटावर, उन्हाला,
पंगत उठल्यावर पालथ्या घातलेल्या
फुलपात्रांसारख्या.

चाप ओढणारे जीपमधून कधीच गेले.
भिंतीआड कुत्री अजून थरथरते आहे.

नाना खिशातून एक काढतो,
ओठाशी आडवी धरून फुंकतो.
बारीक शीळ.
कुत्री कान उभारते,
सरपटत त्याच्या पायाशी येते.

‘हाई मोजानी नही,’ नाना म्हणतो,
आणि वहीत पाचशे लिहितो.