शाळा सोडण्याचे कारण

एकतीस मे. शाळेला सुट्टी.
निरोप एप्रिलमध्येच उरकला होता :
शाल, नारळ, आणि एक भिंतीवरचं घड्याळ
ज्यात सेल घालायचं सगळेच विसरले.
आज आम्ही तिघंच.
मी, गफूरमामू,
आणि चार्ज घ्यायला आलेल्या तिडके मॅडम,
डोक्यावर ओला रुमाल,
धारूरचं ऊन घाट चढून आल्यासारखं दारात उभं.

मोजणी सुरू झाली.
लोखंडी खुर्च्या एकवीस, पैकी पाय मोडलेल्या सहा.
पृथ्वीचा गोल एक
(आफ्रिकेवर कुणीतरी करकटकानं ‘सुजाता’ कोरलंय,
त्याची नोंद नाही).
पितळी घंटा, एक.
मॅडमनी मान वर केली.
ती चोरीला जाऊन अकरा वर्षं झाली, मी म्हणालो.
मग रोज वाजतंय ते काय?
रुळाचा तुकडा. मामूनं परळीहून आणलेला.
तो रजिस्टरात कुठंच नव्हता.

तसा मीही खरं तर आज जायचा नव्हतो.
मी हुरड्याच्या दिवसांतला.
आई सांगायची, आगटीत कणसं होती
आणि सुईण हात शेकत बसली होती.
पण मला पहिलीत घालणाऱ्या गुर्जींनी
डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला.
लागला कान.
लिहा, एक जून.
आमच्या अख्ख्या वर्गाच्या आया
त्या एका दिवशी बाळंत झाल्या.
आता त्या शाईच्या हिशोबानं
हुरड्याला सात महिने असताना
मी घरी चाललोय.

राग कुणावर धरू?
जनरल रजिस्टर उघडलं तर माझंच अक्षर,
पानामागून पान, एक जून, एक जून,
खाली माझी सही, लफ्फेदार.
शेवटचा रकाना अरुंद आहे.
शाळा सोडण्याचे कारण.
अनुसया केरबा आघाव, सातवी ब.
मी लिहिलं होतं : ऊसतोड.
विस्तार अधिकारी म्हणाले, हे असं नसतं लिहायचं,
‘स्थलांतर’ लिहा.
मी लाल शाईनं खोडलं.
खाडाखोडीवर सही केली.
वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक,
हे मात्र कुणी खोडायला लावलं नाही.

मागच्या आठवड्यात तीच अनुसया आली,
लेकीला पहिलीत घालायला.
ईश्वरी नाव. दाखला? नाही.
कधी झाली गं?
‘पट्टा पडायच्या आधी, सर.
चार खेपा राहिल्या होत्या.
टायरगाडीखाली झाली, चांदणं लख्ख होतं.’
हात सवयीनं जूनकडे निघाला होता.
पोरगी माझ्या पेनाकडे बघत होती,
पेन म्हणजे खायची वस्तू असल्यासारखं.
मामूला म्हणालो, कपाटामागची जुनी कॅलेंडरं काढ.
आम्ही तिघांनी मिळून ती पुनव शोधली.
मार्चात सापडली.
चुकली असेल दिवस-दोन दिवसांनी.
‘पुरावा काय सर?’ तिडके मॅडमनी आज ते पान पाहून विचारलं.
रास्त आहे. त्यांना उद्या उत्तर द्यावं लागणार.
आईनं सांगितलं, मी म्हणालो.
त्या काही बोलल्या नाहीत.

किल्ल्या सतरा. दोन कशाच्या ते माहीत नाही.
मग कागद आला :
‘आज रोजी मध्यान्होत्तर पदभार सुपूर्द केला.’
रुजू झालो तेव्हा मध्यान्हपूर्व लिहिलं होतं.
मधल्या एवढ्या वेळात
जेवणाची सुट्टी झाली असावी.

सही केली. टोपण लावलं. परत काढलं.
मॅडम, एक मिनिट, म्हणालो,
आणि डेडस्टॉकचं रजिस्टर पुन्हा ओढून
चोरीला गेलेल्या घंटेच्या खाली लिहिलं :
रुळाचा तुकडा, एक.
किंमत : नाही.
शेरा : वाजतो.