टॉलरन्स

चौतीस वर्षं पिंपरीत, ड्रॉइंग बोर्डापाशी.
शून्य पॉइंट शून्य दोन इकडे, तेवढंच तिकडे,
त्यापलीकडची रेघ म्हणजे भंगार.

आता दर गुरुवारी एरंडवण्यात, एका गॅरेजमध्ये.
नळ बंद, म्हणून ब्रश कालच्या बादलीत.
माझ्या मुलीहून लहान असलेली मृण्मयी ओगले म्हणते,
"काका, कशाचं काढू नका. नुसतं काढा."

नुसतं.
हिरवा थापला, त्याची तळजाई झाली.
करडा ओढला, तर तो मुठेवरचा पूल.
ती आली, कॅनव्हास उलटा केला
आणि चहाला निघून गेली.

उलट्या पुलाकडे बघत बसलो.
कुणाला पलीकडे न्यायचं
हे ओझं उतरलं होतं त्याचं.

मग घरून आणलेल्या उलथन्यानं
गेरू ओढला आडवा,
मध्येच रंग संपला, नुसती खरखर उठली.
पुसायला फडकं उचललं
आणि हात तसाच राहिला.

शेजारचे दांडेकर मान तिरकी करून म्हणाले,
"वरची बाजू कुठली?"
"पुढच्या गुरुवारी सांगतो."

दोन्ही खिळे मात्र
पाणसळ लावून ठोकले.