पिंजरा परत करताना

शनिवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे चोरडियाजी
पिंजरा हातभर लांब धरून दारात उभे.
आत तो. मिशा जाळीबाहेर.
"सिस्टर, हमसे तो होगा नहीं.
आपके यहाँ तो चलता है ना?"

चालतं.
आमच्यात काय काय चालतं, ते
अख्ख्या छावणीला पाठ आहे.

मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं काढली मी.
शहाऐंशीच्या पावसाळ्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात,
दोन दिवसांच्या पोरीची टाच कुरतडलेली पाहिली.
त्या रात्री औषध घातलं. सकाळी अकरा,
मोजून, केरभरणीत.
प्रार्थना केली आणि गाढ झोपले.
तेव्हा कुणी शास्त्र विचारलं नाही.

पाळक उजागरे म्हणतील,
सलोमीबाई, माणसाला सत्ता दिलीय, आदामापासून.
सत्ता. शब्द चांगला आहे.
बादलीपुढे उभं राहिलं की
जरा ढगळ होतो.

बाबा सुतारमास्तर, बोर्डिंगच्या शाळेत.
झुरळ दिसलं की चप्पल काढून हातात घ्यायचे, म्हणायचे,
"माफ कर बाबा, तुझंही खातं वर उघडलेलं आहे."
आणि मारायचे. नेम चुकत नसे.
चिमणी पडली तरी देवाला कळतं,
मग उंदीर पडला तर?
मी विचारलं होतं, दुसरीत असताना.
"कळतंच की. म्हणून तर पटकन मारायचं."

खान नदीवर सोडून यावं, असंही आलं मनात.
पण पुलापलीकडे पत्र्याच्या खोल्या,
त्यातल्या एकीत आमच्या मंडळीतली प्रिस्का,
कांद्याच्या पोत्यांमागे तिची पोरं झोपतात.
चोरडियाजींचा उंदीर मी सोडायचा,
तो प्रिस्काच्या पिठात शिरायचा,
आणि दया जमा कुणाच्या खात्यावर?

बादली भरली.
पिंजरा पूर्ण बुडवला, अर्धवट नाही.
मोजत राहिले, नाडी मोजायची सवय.
बाबांचं ते पटकन
एवढं लांब असेल, वाटलं नव्हतं.

मग डेटॉलनं कोपरापर्यंत हात धुतले
आणि कणिक घेतली.
उद्या महिन्याचा पहिला रविवार,
प्रभुभोजनाची भाकर आमच्या घरून जाते.
मळताना थांबले.
पुन्हा धुतले हात.
पुन्हा थांबले, मग नाही धुतले.

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली.
ओला की सुका, पोरानं विचारलं.
पुडी हातात धरून मी खरंच विचार करत होते.

पिंजरा घासून, उन्हात वाळवून वर नेला.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
भाभींनी स्टीलच्या वाटीत लवंगी शेव दिली, अजून गरम.
वाटी परत नको, म्हणाल्या,
राहू दे तुमच्याकडेच.

पिंजरा मात्र
ठेवून घेतला.