बिनपिळाची लोकर

सोमवारी दोन बोटी एकदमच धक्क्याला लागल्या,
आणि मासळीचा वजनकाटा
सात किलोंनी खोटं बोलू लागला.
माणसं याहून जास्त बोलतात, हाल्बेरा म्हणाली.
तिला हसू आलं, मला नाही आलं.
गुरुवारी रेक्याविकहून तपासनीस यायचा होता,
आणि तीन महिन्यांच्या नोंदी माझ्या टेबलावर
ओल्या पोत्यांसारख्या पडून.

असल्या आठवड्यात कुणी विणकाम काढतं का?
मी काढलं.
कपाटाच्या तळातून, बर्फातल्या बुटांच्या मागून,
चार हिवाळे निजून राहिलेला स्वेटर:
धड पुरं, एक बाही पुरी, दुसरी कोपरापर्यंत,
आणि सुईवर अठ्ठेचाळीस टाके, पहाऱ्यावर उभे,
कुणी त्यांना 'जा आता घरी' म्हणायलाच विसरलेलं.

माप थोर्गिल्सचं.
मी छातीभोवती टेप धरली तेव्हा
त्यानं श्वास आत ओढून धरला होता,
बारीक दिसावं म्हणून.
मी दोन बोटं वाढवून लिहिलं, काही बोलले नाही.
असो.

आमच्याकडची ही लोकर बिनपिळाची.
जरा ओढली की तुटते.
तुटली तर गाठ मारायची नसते:
दोन्ही टोकं पिंजायची, तळहातावर थुंकायचं,
आणि हातावर हात चोळायचा, चटका बसेपर्यंत.
मग तुटलं कुठे होतं ते बोटांनाही सापडत नाही.
माणसांवर हा उपाय मी करून पाहिलाय.
तिथे पीळ आधीपासूनच असतो,
आणि तो काही जळत नाही.

बोगद्याकडचा रस्ता बंद झाला, हिमकडा सुटेल म्हणून.
एकोणीस गाड्या रांगेत, काचा आतून धुरकटलेल्या.
बाही तिथेच झाली, स्टिअरिंगला कोपर लावून.
मागच्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं काचेवर टकटक केली;
वाटलं, काही अडलंय.
'काखेत किती टाके सोडलेस?' त्यानं विचारलं.
आठ, म्हटलं.
दहा सोड, म्हणाला, आणि वाऱ्यात वाकून परत गेला.

बुधवारी रात्री दीड वाजता, खांद्याच्या नक्षीत,
राखाडी मेंढी आणि काळी मेंढी यांच्यामध्ये
एक टाका सरकलेला दिसला. आठ फेऱ्या खाली.
कुणाला दिसला असता?
सुई काढून घेतली आणि ओढलं.
उसवण्याला फार हळू आवाज असतो,
झोपलेल्या मुलाच्या नाकातून येतो तेवढा.
दोन संध्याकाळी दहा मिनिटांत मांडीवर येऊन पडल्या,
कुरळ्या, अजून टाक्यांचीच सवय असलेल्या.

तपासनीसाला चारशे ग्रॅमची एकच चूक सापडली.
त्याचा स्वेटर यंत्रावरचा होता.
तो आकड्यांवरून बोट फिरवत होता
आणि मी त्याच्या गळ्याच्या फेऱ्या मोजत होते.
सही कुठे केली, आठवत नाही.

शनिवारी गळा बंद केला. काखेतली भोकं शिवली,
दहा टाके इकडचे, दहा तिकडचे.
कोमट पाण्यातून काढून स्वयंपाकघराच्या फरशीवर
टॉवेल अंथरून पसरला, हात फाकून.
घरभर भिजल्या मेंढीचा वास.
इस्लेइफुर दोनदा त्याला ओलांडून फ्रिजपाशी गेला,
दूध बाटलीतूनच प्यायला,
आणि तिसऱ्या खेपेला थांबला. 'कुणाचा?'
'वाळल्यावर बघू.'

रविवारी त्यानं डोकं घातलं. खांदे बसले. छाती बसली,
अगदी दोन बोटांच्या सैलपणासकट.
पोटात काहीतरी गलबललं, म्हणून मी उगाच
कॉलर ओढून सरळ केली.
मग त्यानं हात लांब केले.
मनगटं उघडी. दोन्हीकडे चांगली चार बोटं.

'बाबाचं माप ना?' म्हणाला.
सोळा वर्षांच्या मुलाला हे कोण सांगतं, मला कळत नाही.
'चुकीचं माप,' मी म्हटलं.
तो हसला, तसाच फावडं घेऊन बाहेर गेला,
लाल मनगटांनी दारातला बर्फ उपसू लागला.

बाही खालून वर विणलेली असते.
लांब करायची तर मनगटापाशी एकच धागा कापायचा,
टाके अलगद उचलायचे, आणि उलट्या दिशेनं निघायचं.
उद्या पुन्हा दोन बोटी आहेत. काटा दुरुस्त झालेला नाही.

कात्री कुठे ठेवली,
ते मात्र आठवतंय.