बासष्ट

तिसऱ्यांदा फोडतो आहे डबी.
पक्कड, जुना टॉवेल, दार आतून लावलेलं.
प्लॅस्टिक कडेनं कुरकुरतं, मग एकदम सुटतं
हरभऱ्याचा घाटा फुटावा तसं,
आणि रुपया पडतो टॉवेलवर
आवाज न करता.

बाहेरून बेबीनंदा :
"काऊन फोडता जी त्याले?
बसला होता बिचारा आपल्या घरात."

अठराशे बासष्टचा. राणीच्या गळ्यातला हार
भिंगातून मणी न् मणी मोजता येतो.
पुलगावच्या सोनाराच्या मुशीपासून
हातभर अंतरावर होता, तेव्हा घेतला,
चांदीच्या भावात, वर एक चहा.
साल बासष्ट, आणि गुणही सत्तरपैकी बासष्टच आले.
दोन्ही वेळा.
त्रेसष्ट आले तर किंमत दुप्पट.
चौसष्टचं मी फक्त दिवा मालवल्यावर बोलतो,
स्वतःशी.

एजंट म्हणतो, गालावर केसाएवढी रेघ आहे.
पाहिली मी ती. खिडकीशी, ट्यूबखाली,
मोबाईलच्या उजेडात.
कधी असते, कधी नसते.

नजर म्हणजे काय ते मला शिकवू नका.
एकतीस हंगाम देवळीच्या जिनिंगात कापूस पाहिला.
गाडीत कोपरापर्यंत हात घालून
तळातला पुंजका काढायचा,
दोन चिमटींत धरून ओढायचा
आणि धागा तुटतानाचा आवाज ऐकायचा.
ओलावा तळहाताला कळतो,
कवडी डोळ्याला.
(आमच्याकडे कापसातही कवडी असते,
किडकं, पिवळं, नीट न फुललेलं.
नाणेवाल्यांना हे सांगितलं की हसतात.)
मी बोलायचो, मुनीम लिहायचा,
गाडी पुढे.

पुंजाराम वाघाडेची गाडी मात्र पुढे गेली नाही.
तांबड्या बैलाचं डावं शिंग अर्धं.
सकाळी मी दुसरा दर्जा दिला.
दुपारी तीच गाडी मागच्या फाटकातून,
वर ताडपत्री निराळी, हाकायला साळा.
"पाहून तं घ्या जी एकडाव."
मी कापूस नाही पाहिला, शिंग पाहिलं.
दुसरा.
दिवे लागल्यावर पुन्हा आली.
आता पुंजाराम स्वतः, तोंडातून शब्द नाही,
बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा.
माझ्या हातात नुकताच आलेला चहा, आल्याचा.
मी पुंजका ओढला,
आणि खरंच सांगतो, धागा लांब निघाला.
पहिला, म्हणालो.
मुनीमानं मान वर केली, मग लिहिलं.

कापूस बदलला नव्हता.
बैलाला शिंग फुटलं नव्हतं.
मी सकाळी चुकलो की संध्याकाळी,
आजवर ठरत नाही.

समुद्रापलीकडे कुठंतरी एक माणूस असेल.
त्याच्या दिव्याचा रंग मला माहीत नाही.
त्याला माझं अर्धं शिंग दिसत नाही,
नुसता रुपया दिसतो, कुणाचाही.
तो त्याच्यापुढे किती वाजता यावा,
तेव्हा त्याच्या पोटात काय असावं,
कुणाशी भांडून तर आला नसेल ना,
याची मी काळजी करतो
लोक नव्या जावयाची करतात तशी.

दोन वेळच्या फीत
शिलाई मशीनला मोटर आली असती.
बेबीनंदा हे बोलत नाही. पायानं चालवते,
थोडी जोरात.

पाकिटात घालण्याआधी कडेनं धरतो त्याला.
वाटतं वाजवून पाहावा फरशीवर,
आजा वाजवायचा तसा, मान तिरपी करून.
वाजवत नाही.
वाजवलं की गुण जातात.

टपालात नवी मुलगी आहे, आर्णीकडची.
पाकीट काट्यावर ठेवते, मला ओळखते.
"या वेळी काय आहे काका आत?"

तेच, म्हणालो.