रजिस्टरचं पहिलं पान

दौलतगंज, लष्कर. अठरा मे, संध्याकाळचे सात.
शाळेतला संगीताचा वर्ग, कारण त्याच खोलीची किल्ली मिळाली.
खुर्च्या बावीस मांडल्या.
आले सहा, त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आलेला.
त्यालाही बसवून घेतलं. इरफान. आडनाव विचारायचं राहिलं.

भिंतीला कुणी टेकलं नाही.
ग्वाल्हेरचा दगड दिवसभर ऊन गिळतो
आणि दिवेलागणीला एकेकाच्या पाठीवर ओकतो.

आधी नाव ठरवू, असं ठरलं. त्यातच पाऊण तास गेला.
हरित मंच? खताचं दुकान वाटेल, विनता मोघे म्हणाल्या.
स्वर्णरेखा? मला आवडलं होतं, पण तृप्ती कुशवाह म्हणाली
लोक सराफ्यात शोधत जातील,
आणि ज्यांना नदी आठवते
ते नाकाला रुमाल लावतील.
नदी म्हणताना ती जरा अडखळली. एकोणीस वर्षांची पोर,
तिनं फक्त नाला पाहिलाय, सिमेंटचा.
नावाची जागा कोरी सोडली आहे.

मग बिडवईंनी वह्या काढल्या.
गच्चीवरचं तापमान, दुपारी दोनचं आणि पहाटे चारचं,
अठ्ठ्याण्णव सालापासून,
मुलीच्या लग्नाचे तीन दिवस
आणि मोतीबिंदूचा एक आठवडा सोडून.
ते वाचत सुटले. कुणीतरी जांभई दिली, मीच असेन.
दुपारचं सोडा हो, ते म्हणाले, दुपार इथली पहिल्यापासून कडक.
पहाट बघा.
पहाट उतरायची विसरली आहे.
एवढं बोलून चष्मा पुसत बसले,
पुसून झाला तरी पुसत.

मी टाइप करून आणलं होतं
नगर निगमला द्यायचं निवेदन, मागण्या अकरा.
कडुनिंब तोडू नका, पाणपोया घाला, बसथांब्यांना छप्पर द्या.
सातव्या मागणीपाशी रामसियानं हात वर केला,
शाळेतल्या मुलासारखा.
माझ्या खिडकीखाली, गल्लीत, त्याचं इस्त्रीचं टेबल.
मीच बोलावलं होतं त्याला,
आपल्यात असलीही माणसं हवीत म्हणून.

बाईसाब, तो म्हणाला, हे सगळं छानच आहे.
पण तुमच्या एसीचं तोंड माझ्या टेबलाकडे आहे.

नेमका तेव्हाच पंखा सुरू झाला.
अकरा मागण्या उडून तबल्याच्या खोळीवर जाऊन बसल्या.
कुणी उचलल्या नाहीत.

इथपर्यंत बैठकीचं. पुढचं मी घरी बसून लिहिते आहे,
नियमात बसत नसलं तरी.

दुसऱ्या दिवशी इरफान शिडी घेऊन आला.
म्हटलं, फिरव तोंड.
कुठे फिरवू?
उजवीकडे मोघ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी.
डावीकडे शिवणवर्ग, आठ मुली आणि एकच दार.
वर बिडवईंची गच्ची, त्यांचा थर्मामीटर,
सव्वीस वर्षांच्या वह्या एका झुळकीत खोट्या पडायच्या.
शिडीवर उभा राहून तो बोट फिरवत राहिला
जणू गल्ली विकायला काढली आहे
आणि गिऱ्हाईक मी.
कुठेही फिरवा, कुणीतरी आहेच.

दोन दिवस बंद ठेवला.
तिसऱ्या दुपारी लावला. हेही लिहून ठेवते.
खाली इस्त्री टेकवल्याचा आवाज येत होता,
तो पूर्वीही येतच असणार.

पुढची बैठक: रविवार, दुपारी दोन,
रामसियाच्या टेबलापाशी.
खुर्च्या नाहीत. बिडवईंनी थर्मामीटर आणावा.
एसी चालू राहील.